संगणकाचा द्वारपाल

घर कितीहि मोठें असलें तरी त्यांत शिरावयाचें तें उंबरठा ओलांडूनच. पाहुण्याच्या नजरेंत दिवाणखाना भरतो, माजघर भरतें. उंबरठ्याकडे मात्र कोणाचें लक्ष जात नाहीं. संगणकासंबंधींहि असेंच घडतें. बटण दाबलें, पडदा उजळला आणि ओळखीचीं चित्रें दिसूं लागलीं, म्हणजे आपलें काम सुरू झालें असें आपण समजतों. परंतु बटण दाबणें व चित्रें दिसणें यांच्यामध्यें जे कांहीं सेकंद जातात, त्यांत एक लहानसा प्रोग्राम आपली कामगिरी चोख बजावून निघून गेलेला असतो. त्याला बूटलोडर म्हणतात. अलीकडे वरच्या इयत्तांतील कांहीं विद्यार्थ्यांस हा बूटलोडर स्वतः बसविण्याचा व आपल्या आवडीप्रमाणें सजविण्याचा छंद लागला आहे. आणि मुलगा घरचा संगणक बिघडविणार, या धास्तीनें कित्येक पालक या छंदास सक्त मनाई करूं लागले आहेत. या प्रश्नावर दोन्ही पक्षांस उद्देशून चार शब्द लिहावे असें आम्हांस वाटतें. आमचें मत आरंभींच सांगून टाकतों. हा उद्योग मुलांनीं व मुलींनींहि अवश्य करावा. मात्र जो दाराला हात घालूं इच्छितो, त्यानें तें निखळल्यास पुन्हां बसविण्याची विद्या आधीं शिकावी, आणि रंगरंगोटी मागाहून करावी.

प्रथम हा द्वारपाल करतो काय, तें पाहूं. संगणकाची मुख्य मेमरी वीज जातांच कोरी होते. यंत्र पुन्हां सुरू होतें तेव्हां काल काय चाललें होतें याचा त्यास गंधहि नसतो. ऑपरेटिंग सिस्टीम, मग ती विंडोज असो वा लिनक्स असो, डिस्कवर निजलेली असते. तिला मेमरींत आणावयाचें तर तें काम करणारा एक प्रोग्राम हवा. आणि तो प्रोग्राम मेमरींत आणावयाचा तर त्यासाठीं आणखी एक हवा! आपल्याच बुटाचा पट्टा धरून स्वतःस वर उचलण्याची एक अशक्य गोष्ट इंग्रजी बोलणारे लोक थट्टेनें सांगत असत. त्या पट्ट्यास त्यांच्या भाषेंत 'बूटस्ट्रॅप' म्हणतात, आणि त्यावरूनच संगणक 'बूट' होणें हा शब्दप्रयोग रूढ झाला. तिढा सोडविण्याची युक्ति मात्र साधी आहे. यंत्रांतील एका चिपमध्यें वीज गेली तरी पुसला न जाणारा एक प्रोग्राम कायमचा ठेवलेला असतो. जुन्या यंत्रांत त्यास बायॉस म्हणत. नव्या यंत्रांत त्याची जागा यूईएफआय नामक पद्धतीनें घेतली आहे. तो प्रथम जागा होतो, मेमरी, कीबोर्ड, डिस्क इत्यादिकांची हजेरी घेतो, आणि बूटलोडरला हांक मारतो. बूटलोडर ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, ज्याला कर्नेल म्हणतात तो, डिस्कवरून उचलून मेमरींत ठेवतो व सर्व कारभार त्याच्या हवालीं करून आपण बाजूस होतो.

एवढें मोठें काम किती थोड्या जागेंत होत असे, हें ऐकून वाचकांस नवल वाटेल. आयबीएम कंपनीचा पर्सनल कॉम्प्युटर १९८१ च्या ऑगस्टांत बाजारांत आला. त्या घराण्यांतील यंत्रांवर हार्ड डिस्क आल्यानंतर तिचा पहिला कप्पा, म्हणजे अवघे ५१२ बाइट, ही बूटलोडरची जागा ठरली. त्यांतील ६४ बाइट डिस्कच्या वाटण्यांच्या, म्हणजे पार्टिशनांच्या, नोंदीस गेले. २ बाइट ओळखखुणेस गेले. उरले फार तर ४४६. युनिकोडच्या प्रचारांतील पद्धतीप्रमाणें देवनागरीच्या एका चिन्हास ३ बाइट लागतात, आणि काना, मात्रा, वेलांटी हीं त्यांत स्वतंत्र चिन्हें धरतात. त्या हिशेबानें ४४६ बाइटांत १४८ चिन्हें मावतात. म्हणजे आपण वाचीत असलेल्या या परिच्छेदाचा चौथा हिस्साहि तेथें बसणार नाहीं. म्हणून जुन्या कारागिरांनीं टप्पे पाडले. पहिल्या टप्प्यांतील चिमुकल्या प्रोग्रामानें दुसऱ्या, थोड्या मोठ्या प्रोग्रामास उठवावें, आणि त्यानें पुढचा संसार मांडावा. आपल्या अडचणीस दोष देत न बसतां तिच्यांतूनच वाट काढणाऱ्या या लोकांचें आम्हांस फार कौतुक वाटतें.

याच विषयांत विद्यार्थ्यांस मनन करण्याजोगी आणखी एक गोष्ट आहे. लिनक्सच्या आरंभींच्या काळांत 'लिलो' नांवाचा बूटलोडर फार प्रचारांत होता. कर्नेलची फाइल डिस्कवर नेमकी कोणकोणत्या ठिकाणीं लिहिलेली आहे, याची यादी तो आधींच करून ठेवी, आणि वेळ आली म्हणजे त्या यादीप्रमाणें डोळे मिटून उचली. कर्नेल बदलला आणि मालकानें लिलोची आज्ञा पुन्हां चालविली नाहीं, तर यंत्र अडून बसे. कारण लिलोस फाइल शोधतां येत नसे, तिचा पाठ केलेला पत्ता तेवढा म्हणतां येई. एरिक बोलिन यांनीं १९९५ मध्यें सुरू केलेला व पुढें ग्नू प्रकल्पानें आपल्याकडे घेतलेला 'ग्रब' हा बूटलोडर याहून निराळा निघाला. डिस्कवरील फाइलींची मांडणी त्यास स्वतःला वाचतां येते. फाइलीचें नांव सांगा, तो ती हुडकून काढतो. लिलोची सुधारणा २०१५ च्या अखेरीस थांबली. ग्रब मात्र आज लिनक्सच्या बहुतेक प्रमुख वितरणांत नांदत आहे. निव्वळ पाठांतर करणाऱ्या व अर्थ समजून वाचणाऱ्या अशा दोन विद्यार्थ्यांपैकीं प्रश्नपत्रिका थोडी बदलतांच कोण अडतो, हें शिक्षकांस सांगावयास नको.

आतां पालकांच्या भीतीकडे वळूं. ती निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. घरच्या संगणकांत वडिलांच्या दुकानाचा हिशेब असतो, थोरल्या बहिणीच्या प्रवेशाचे कागद असतात, आजीआजोबांचीं छायाचित्रें असतात. तीं गेलीं तर पुन्हां मिळत नाहींत. तथापि येथें एक भेद नीट ध्यानांत घेतला पाहिजे. बूटलोडर बिघडणें निराळें आणि पार्टिशन पुसलें जाणें निराळें. पहिल्यांत दार अडकतें, घरांतील चीजवस्तु जशीच्या तशी असते. दुसऱ्यांत चीजवस्तुच जाते. हा भेद न कळल्यामुळें केवढें नुकसान होतें पाहा. एखादा विद्यार्थी हौसेनें विंडोजच्या शेजारीं लिनक्स बसवितो. कांहीं दिवसांनीं कंटाळा येतो, किंवा जागा कमी पडते, म्हणून विंडोजमधून लिनक्सचें पार्टिशन काढून टाकतो. ग्रबचा मोठा भाग त्याच पार्टिशनांत राहत होता, हें त्याच्या गांवींहि नसतें. दुसरे दिवशीं काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' असे दोन शब्द, किंवा नुसतें 'ग्रब', एवढेंच उमटतें व यंत्र स्तब्ध होतें. घरांत आकांत होतो. मग कोणी अर्धवट माहितगार येऊन 'सर्व पुसून नवें बसवा' असा सल्ला देतो. आणि तोंवर सुखरूप असलेला हिशेब व छायाचित्रें त्या सल्ल्यानें नाहींशीं होतात. वास्तविक विंडोज जागच्या जागीं शाबूत होतें. नव्या यंत्रांत, सुरू होतांना विवक्षित कळ दाबून येणाऱ्या यादींतून विंडोजचा बूटलोडर निवडला कीं पुष्कळदां काम भागतें. जुन्या यंत्रांत विंडोजच्या पेनड्राइव्हवरून त्याचा मूळ बूटलोडर पुन्हां लिहावा लागतो. म्हणजे छंदानें जें बिघडलें तें सुधारण्यासारखें होतें. अज्ञानानें जें केलें तें सुधारण्यापलीकडचें झालें.

यावरून मनाई करावी असें कोणी म्हणेल; आमचा निष्कर्ष उलट आहे. मनाई केलेला मुलगा तें काम सोडीत नाहीं. तो तें रात्रीं, घाईनें, कोणास न विचारतां करतो, आणि बिघडल्यावर भीतीनें लपवितो. त्यापेक्षां काम उघडपणें व्हावें आणि त्यास कांहीं नियम असावे, हें उभयपक्षीं हिताचें आहे. पहिला नियम असा कीं, कामास हात घालण्यापूर्वीं घरच्या सर्व महत्त्वाच्या फाइलींची प्रत निराळ्या डिस्कवर घ्यावी, आणि ती प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. न उघडलेली प्रत ही प्रत नव्हे. दुसरा नियम पालकांनीं विशेष लक्षांत ठेवावा. विंडोजच्या कित्येक नव्या संगणकांत डिस्कवरील मजकूर बिटलॉकर नांवाच्या कुलपानें बंद केलेला असतो. बूटच्या व्यवस्थेंत फेरफार दिसतांच तें कुलूप ४८ आंकड्यांची एक किल्ली मागतें. ती आधींच शोधून कागदावर उतरून ठेवली नसेल, तर आपल्याच घरांत आपण परके होतों. तिसरा नियम असा कीं, दुरुस्तीचा पेनड्राइव्ह काम सुरू करण्यापूर्वीं तयार असावा व त्यावरून यंत्र खरोखर सुरू होतें कीं नाहीं याची परीक्षा घेतलेली असावी. यंत्र बंद पडल्यावर पेनड्राइव्ह कशावर तयार करणार ?

प्रत्यक्ष बसवितांना क्रम सांभाळावा. दोन्ही ऑपरेटिंग सिस्टीम ठेवावयाच्या असतील तर विंडोज आधीं व लिनक्स मागून बसवावें. कारण जुन्या पद्धतीच्या यंत्रांत मागून आलेलें विंडोज पहिल्या कप्प्यांतील बूटलोडर पुसून तेथें आपला लिहीत असे व शेजाऱ्याची विचारपूस करीत नसे. यूईएफआयच्या पद्धतीनें हें भांडण बरेंच मिटविलें आहे. तींत बूटलोडरसाठीं डिस्कवर एक लहान पार्टिशन राखून ठेवलेलें असतें. त्यांत प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीमची वेगळी खोली असते, आणि प्रथम कोणाला हांक मारावयाची हा अनुक्रम यंत्राच्या स्वतःच्या स्मृतींत नोंदलेला असतो. म्हणून हें राखीव पार्टिशन नव्या लिनक्सनें वापरावें, परंतु तें फॉरमॅट करण्याची खूण चुकूनहि करूं नये. केल्यास विंडोजची खोलीहि त्याबरोबर जाते. तसेंच विंडोज ज्या पद्धतीनें बसलेलें असेल, जुन्या कीं नव्या, त्याच पद्धतीनें लिनक्स बसवावें. एकाच घराला दोन पद्धतींचीं दारें ठेवलीं म्हणजे रोज घोटाळा होतो.

इतकें साधलें म्हणजे सजावटीस हरकत नाहीं. ग्रबच्या मेनूनें किती सेकंद थांबावें, कोणती ओळ आपोआप निवडावी, मागें कोणतें चित्र असावें, अक्षर केवढें असावें, हें सर्व मालकाच्या इच्छेवर आहे. परंतु येथेंहि एक शिस्त आहे. ग्रब ज्या फाइलीवरून मेनू दाखवितो ती फाइल दुसऱ्या प्रोग्रामानें तयार केलेली असते, आणि 'ही हातानें बदलूं नये' असा इशारा तिच्याच माथ्यावर छापलेला असतो. उतावळे विद्यार्थी नेमकी तीच बदलतात. पुढें कर्नेलची नवी आवृत्ति आली कीं ती फाइल नव्यानें तयार होते आणि त्यांची सर्व मेहनत वाहून जाते. बदल करावयाचा तो पसंतीच्या मूळ फाइलींत करावा, आणि मग मेनू पुन्हां तयार करण्याची आज्ञा द्यावी. एखादा बदल नुसता करून पाहावयाचा असेल तर मेनू दिसत असतां 'ई' ही कळ दाबावी. त्या वेळचा फेरफार त्या वेळेपुरताच असतो व पुढच्या खेपेस आपोआप नाहींसा होतो. मात्र याच कळेच्या साह्यानें कोणीहि आगंतुक यंत्राचा सर्वाधिकारी होऊं शकतो. म्हणून शाळेसारख्या सार्वजनिक ठिकाणीं ग्रबच्या मेनूला पासवर्ड लावणें इष्ट. आणखी एक अडचण पुष्कळांस येते. २०२१ मध्यें निघालेल्या ग्रबच्या २.०६ या आवृत्तीपासून इतर ऑपरेटिंग सिस्टीम हुडकण्याचें काम सुरक्षिततेसाठीं मुळांत बंद ठेवलेलें आहे. त्यामुळें मेनूंत विंडोज दिसलें नाहीं तर तें बुडालें असें समजून घाबरूं नये. तें शोधण्याची परवानगी त्याच मूळ फाइलींत द्यावी.

सजावटीविषयीं आमचें एक मत विद्यार्थ्यांस कदाचित् रुचणार नाहीं, तरी सांगतों. घरचा संगणक एकट्याचा नसतो. मेनूचा अवधि शून्य करून यंत्र किती चपळ झालें हें मित्रांस दाखविण्यांत भूषण वाटतें. पण आईस जी ऑपरेटिंग सिस्टीम हवी ती निवडण्यास मग वेळच उरत नाहीं. अवधि निदान पांच सेकंदांचा असावा. आपोआप निवडली जाणारी ओळ घरांतील बहुतेकांच्या उपयोगाची असावी. आणि ओळींचीं नांवें सर्वांस कळतील अशीं असावीं. आपल्या कौशल्यामुळें घरांतील माणसाचें काम अडलें, तर तें कौशल्य कसलें ?

येथवर दार बिघडण्याची गोष्ट झाली. आतां दारावर टपून बसणाऱ्यांची. उंबरठा ज्याच्या ताब्यांत, घर त्याच्या ताब्यांत, हें चोरांनींहि पूर्वींच ओळखलें आहे. लाहोर येथील दोघां बंधूंनीं लिहिलेला 'ब्रेन' हा १९८६ मधील विषाणु फ्लॉपीच्या पहिल्याच कप्प्यांत दडून बसे. आणि २०१७ च्या जूनमध्यें युक्रेनपासून पसरलेल्या 'नॉटपेट्या'नें डिस्कच्या त्याच आरंभींच्या कप्प्यावर घाला घालून अनेक देशांतील कंपन्यांचे व्यवहार ठप्प केले. यावर उपाय म्हणून 'सिक्युअर बूट' नांवाची योजना निघाली व २०१२ मध्यें विंडोज ८ बरोबर ती सर्वत्र पसरली. तींत ज्या बूटलोडरवर मान्य किल्लीची सही आहे त्यालाच यंत्र आंत घेतें. बहुतेक संगणकांत जन्मतः मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या किल्ल्या असतात. म्हणून लिनक्सचीं वितरणें 'शिम' नांवाच्या एका छोट्या प्रोग्रामावर त्या कंपनीची सही घेतात व त्याच्याकरवीं ग्रबला आंत आणतात. या व्यवस्थेचा गुण उघड आहे. दोषहि तितकाच उघड आहे. ऑगस्ट २०२४ मध्यें त्या कंपनीच्या एका सुरक्षा-सुधारणेनें जुन्या, सदोष बूटलोडरांस मज्जाव केला. दोन्ही ऑपरेटिंग सिस्टीम असलेले संगणक त्यांतून वगळण्याचा विचार होता. पण तसे कित्येक संगणक ओळखतां न आल्यामुळें तेथील लिनक्स एकाएकीं सुरू होईना. मालकानें कांहींच केलें नव्हतें. त्याच्या दाराचा निर्णय दुसऱ्यानें केला होता.

आम्हांस असें वाटतें कीं, दारास कुलूप हवेंच. परंतु त्याची एक किल्ली घरधन्याच्या हातीं असलीच पाहिजे. आपली स्वतःची किल्ली यंत्रांत नोंदविण्याची, आणि जरूर पडल्यास हें कुलूप काढून ठेवण्याची सोय बहुतेक संगणकांत आजहि आहे. ती कायम राहावी, आणि नवें यंत्र विकत घेतांना पालकांनीं किंमत विचारतात तसें हेंहि विचारावें. त्याचबरोबर विद्यार्थ्यांसहि सांगणें आहे. उबुंटु, फेडोरा, व २०१९ पासून डेबियन, हीं वितरणें सिक्युअर बूट चालू असतांहि बसतात. तेव्हां कोठें तरी 'आधीं तें बंद करा' असें वाचलें म्हणून आळसानें घराचें कुलूप काढून टाकूं नये. अधिकार आपला आहे म्हणून तो रोज बजावलाच पाहिजे असें नाहीं. मोबाइलच्या बाबतींत तर दुप्पट सावध असावें. ज्या फोनांत बूटलोडर खुला करण्याची मुभा आहे, त्यांत तो खुला करतांच फोनमधील सर्व मजकूर सामान्यतः पुसला जातो, आणि पुढें बँकेचीं कांहीं अ‍ॅप्स चालत नाहींत. आईवडिलांच्या फोनवर हा प्रयोग कदापि करूं नये.

इतका खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. नुसत्या ज्ञानासाठीं म्हटलें तरी तें पुरेसें आहे. पण पदरच्या पैशाचाहि येथें संबंध आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चा नियमित आधार संपला. धडधाकट असूनहि विंडोज ११ च्या अटींत न बसणारे असंख्य संगणक त्यामुळें घराघरांत व शाळाशाळांत अडगळीच्या वाटेला लागले. त्यांपैकीं पुष्कळांवर लिनक्स बसवून आणखी कांहीं वर्षें अभ्यासाचें काम घेतां येईल. केरळांतील सरकारी शाळा तर अनेक वर्षें लिनक्सवर शिकवीत आल्या आहेत. जें घर हें काम स्वतः करूं शकेल त्याचा नव्या यंत्राचा खर्च वांचेल. जें करूं शकणार नाहीं त्यास विक्रेता सांगेल तें ऐकावें लागेल.

म्हणून आमची सूचना अशी आहे कीं, प्रत्येक शाळेनें एक जुना, ज्यांत कोणाचाहि मजकूर नाहीं असा संगणक याच कामासाठीं राखून ठेवावा. तेथें विद्यार्थ्यांनीं बूटलोडर बसवावा, बिघडवावा आणि सुधारावा. परीक्षाहि निराळी असावी. कोणाचा मेनू अधिक शोभिवंत हें न पाहतां, शिक्षकांनीं बूटलोडर मुद्दाम मोडून ठेवावा, आणि जो विद्यार्थी डिस्कवरील एकहि फाइल न गमावतां यंत्र पुन्हां सुरू करील त्यास उत्तीर्ण समजावें. या परीक्षेंत उतरलेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या हातीं घरचा संगणक देण्यास पालकांनीं मग अनमान करूं नये. ज्यास मोडलेलें दार बसवितां येतें, त्यासच तें उघडण्याचा अधिकार शोभतो.